टायर मामांच्या हाताला कळायचं

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला, त्यातली बरीच वर्षं गुळाचा. कोल्हापुरातून ढेपा भरायच्या, गुजरातेत पोचवायच्या आणि येताना मिळेल तो माल घेऊन यायचा. मी लग्न होऊन घरात आले तोवर त्यांचा ट्रक सुटून दोन वर्षं झाली होती, आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. पण उंची तशीच, आवाज तसाच, आणि मिशी रोज तेल लावून वर वळवलेली. ती वळवायला त्यांना आरसा कधी लागला नाही.

मी जयसिंगपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नोकरीची पहिली दहा वर्षं बसनं काढली. मग गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा आम्ही एक जुनी पांढरी गाडी घेतली, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. नवरा फाउंड्रीत, त्याच्या पाळ्या बदलत्या. मला रोज सोडायला येणं त्याला शक्यच नव्हतं. कोल्हापुरातून जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. पहिल्या महिन्यात मी रोज घरातून निघताना देवाला आणि गाडीला, दोघांनाही हात जोडायची.

मामांना मात्र हात जोडण्यात रस नव्हता. गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीला हात लावत लावत गेटपर्यंत गेले, गाडीला एक फेरी मारली आणि चारी चाकांपाशी उकिडवे बसून टायरांवरून तळहात फिरवला. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. तेव्हापासून ते रोजचंच झालं. मी डबा भरत असायची आणि बाहेरून त्यांचा आवाज यायचा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"डाव्या म्होरल्या चाकात हवा कमी हाय गं! दोन्ही कडा झिजाय लागल्यात!"

कधी म्हणायचे, "पेट्रोल पंपावरच्यानं हवा जास्ती मारलीया. मधलीच नक्षी खाल्लीया बघ टायरनं. त्याला म्हणावं, फुगा न्हाई फुगवायचा."

एकदा त्यांनी मला शेजारी बसवलं आणि माझं बोट धरून टायरच्या खाचेत घातलं. "खाचेच्या तळाला काय लागतंय?"

"काहीतरी उंचवटा आहे. छोटासा."

"त्यो कंपनीनंच ठेवलेला असतोय. टायर झिजत झिजत त्या उंचवट्याच्या बरोबरीला आलं की त्याचं काम संपलं. मग नक्षी दिसू दे न्हाईतर न दिसू दे, उतरवायचं. पावसात खाचेतनंच पाणी भाईर जातंय. खाच न्हाई, तर पाणी कुठं जाणार? गाडी पाण्यावर चालाय लागती मग."

मी वर्गात पृष्ठताण शिकवते, पण टायरखालच्या पाण्याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

हे सगळं आता प्रेमानं आठवतं. तेव्हा मात्र मला त्याचा वैताग यायचा. सकाळी आधीच घाई. त्यात मामांचे तळवे काळेकुट्ट व्हायचे आणि परत येताना भिंतीला धरत यायचे, त्यामुळं गेटपासून दारापर्यंत पांढऱ्या भिंतीवर काळ्या पंजांची रांग. रविवारी ती पुसायची मीच.

अडीच वर्षांनी, दिवाळीच्या आसपास, मामांनी सांगितलं की टायर बदलायला झाली. चारी. उसाची वाहतूक सुरू व्हायच्या आत बदला म्हणाले. नवऱ्यानं चप्पल घालता घालता खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "नक्षी दिसतीया की अजून. वर्षभर निघतील."

मामा म्हणाले, "दिसती. हाताला लागत न्हाई."

त्यानंतर ते रोज सांगायला लागले. नाश्त्याला, जेवताना, रेडिओवरच्या बातम्या चालू असताना मधेच. मी तेव्हा प्रात्यक्षिकांच्या वह्या, बोर्डाचे फॉर्म आणि घर यांत पिचून गेले होते. एका सकाळी मला उशीर झालेला, आणि मामा गाडीच्या पुढंच बसलेले. उठेनात. "आधी सांग, कवा बदलणार?"

आणि मी बोलून गेले. "मामा, तुम्हाला दिसत नाही. तुम्ही कसं काय सांगता?"

ते बॉनेटला धरून उठले, बाजूला झाले. मी गाडी काढली. आरशात पाहिलं तर ते तिथंच उभे होते, हात अंगापासून थोडे लांब धरून, म्हणजे काळे तळवे सदऱ्याला लागू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीपाशी जाणं सोडलं. रुसल्याचं काही दाखवलं नाही. चहा तसाच बशीत ओतून प्यायचे, मला "सावकाश जा" म्हणायचे. फक्त गेटकडं फिरकायचे नाहीत. रविवारी भिंत पुसायला गेले तर पुसायला काही नव्हतंच. मला माफी मागायची होती. रोज वाटायचं, आज बोलू. पण आमच्या घरात कुणी कुणाची माफी मागत नाही, एखादी भाकरी जास्त वाढून भागवतात. मीही तेच करत राहिले.

जानेवारीतली गोष्ट. उसाचा हंगाम भरात होता. सांगली रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते त्या दिवसांत. शेतातून निघताना त्यांच्या चाकांना लागलेली काळी माती सगळी डांबरावर उतरते. त्या दुपारी अवकाळी भुरभुर झाली. पाऊस म्हणावा असाही नाही, काचेवर धूळ बसल्यासारखे थेंब. पण ती माती आणि ते थेंब मिळून रस्त्यावर साबण लावल्यासारखं झालं होतं.

कॉलेजातून परतताना हातकणंगल्याच्या पुढं माझ्यासमोर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर होता. मी फार जोरात नव्हते. ट्रॅक्टर एकदम थांबला. मी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबलीच नाही. चाकं थांबली, गाडी पुढं जात राहिली. मी स्टिअरिंग डावीकडं फिरवलं तर त्याचाही काही उपयोग होईना. उसाची टोकं काचेकडं येत होती आणि मी पाय रोवून बसले होते. मग कशात तरी पुढचं चाक धाडकन आपटलं, आणि गाडी रस्त्याच्या कडेला तिरकी होऊन थांबली. उसाच्या शेंड्याचं एक हिरवं वाढं काचेवर टेकलं होतं.

सायकल हातात धरून चाललेले एक शेतकरी धावत आले. "बाई, लागलं न्हाई न्हवं?"

मी मान हलवली. त्यांनी सायकल स्टँडला लावली, गाडीभोवती फिरले, पुढच्या चाकाजवळ वाकले आणि म्हणाले, "दगडाला आपटलीया. गाडीला काय झालं न्हाई. पण टायरला कायबी राहिलं न्हाई की वो बाई. घरात कुणी सांगितलं न्हाई?"

घरात सांगितलं होतं. महिना-दोन महिने रोज सांगितलं होतं.

दहा मिनिटं तिथंच बसले आणि मग घरापर्यंत सायकलच्या वेगानं आले. मामा ओसरीवर होते. "आज उशीर?" त्यांनी विचारलं.

"परीक्षेचं काम होतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाले, "बरं. जेव आधी."

सकाळी मी चहाची बशी त्यांच्या हातात दिली आणि तिथंच उभी राहिले. म्हटलं, "मामा, जरा चाकांवरून हात फिरवता?"

त्यांनी सगळा चहा संपवला. बशी खाली ठेवली. "गाडी आत हाय का गेटाभाईर?"

"आत आहे."

मामांनी मागच्या दोन चाकांपासून सुरुवात केली. मग उजवं पुढचं. डाव्या पुढच्या चाकापाशी आले, वरचा भाग चाचपला आणि मग हात बाजूनं, टायरच्या गालावरून खाली आला. तिथं थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा त्याच जागी आला.

"हितं हात लाव."

मी लावला. अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा होता.

"आतला दोरा तुटलाय. आता नुसत्या रबरानं हवा धरून ठेवलीया. हे कुठंबी फुटतंय. हळू चालीव न्हाईतर जोरात." मग आवाज एकदम खाली आला. "काल कुठं आपटलीस?"

मी सगळं सांगितलं. माती, ट्रॉली, उसाची टोकं, दगड.

"आणि तितनं घरापत्तूर ह्याच्यावरच आलीस?"

"हो."

मामा मागं सरकले आणि तिथंच पायरीवर बसले. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. तळव्याचा सगळा काळा रंग पांढऱ्या मिशीला लागला, गालाला लागला. त्यांना ते कळलं नाही. मी पदराच्या टोकानं त्यांचा गाल पुसायला गेले आणि रडूच आलं.

"चुकलं माझं, मामा. मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं."

"ते ऱ्हाऊ दे. खोटं कुठं बोललीस? न्हाईच दिसत मला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, मग स्वतःच्या तळव्याची आठवण होऊन मनगटच टेकवलं. "ऊठ. डिकीतनं पाना काढ. स्टेपनी चढवायची. मी हात लावणार न्हाई, तूच चढवायचीस."

मी कॉलेजला फोन करून रजा टाकली. साडीचा पदर खोचला. मामा पायरीवरूनच सांगत होते. आधी मागच्या चाकाला दगड लाव. गाडी उचलायच्या आधी नट ढिलं कर, उचलल्यावर चाक गरगरतंय. नट निघेना तर म्हणाले, "हातानं कुठं निघतोय? पान्यावर उभी ऱ्हा." मी पान्यावर उभी राहिले. समोरच्या घरातल्या काकू फुलं तोडायचं थांबवून बघत होत्या. पान्याखाली कर्र आवाज झाला आणि नट सुटला. मला इतका आनंद झाला, की वर्गात पहिल्यांदा प्रयोग जमला होता तेव्हाही झाला नसेल.

"आता आवळताना समोरासमोरचं आवळ," मामा म्हणाले. "एका बाजूनं आवळत गेलीस तर चाक तिरकं बसतंय."

शेवटचा नट आवळल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. उठून आले, एकेका नटाला पाना लावून पाहिला. एकही हलला नाही. "हं," एवढंच म्हणाले.

तिथून आम्ही दोघं उद्यमनगरातल्या टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा, बोलका. "या पावणं, बसा की. चहा सांगतो." त्यानं आमची चाकं उतरवली, खाचेतला उंचवटा बघितला, डिकीतल्या चाकाचा फुगवटा बघितला, कपाळावर हात मारला. स्टेपनी तेवढी चालेल म्हणाला. चारी नवीन घाला. मामांनी खुर्ची मशीनजवळ ओढून घेतली आणि सांगितलं, "बसवायच्या आधी प्रत्येक टायर माज्याकडं आणायचं."

दुकानदार हसला, पण त्यानं आणलं. पहिलं मामांनी मांडीला टेकवून उभं धरलं आणि गालावरून अंगठा फिरवत फिरवत एका जागी थांबवला. तिथं अंडाकृती चौकटीत चार बारीक आकडे असतात. मामा ते अंगठ्यानं वाचत होते, ओठ हलवत. "पयले दोन आठवडा, म्होरले दोन वरीस," ते मला म्हणाले. "टायर नुसतं पडून असलं तरी म्हातारं हुतंय. रबर कडक हुतंय." पहिलं पास झालं. दुसरंही. तिसऱ्यावर अंगठा दोनदा फिरला.

"हे न्हवं."

"का वो?"

"हे तीन वरसं तुमच्याकडं झोपलंय."

दुकानदारानं मोबाइलचा दिवा लावून वाकून पाहिलं. मग सरळ झाला. त्याचा चेहरा पडला होता. "व्हय की. जुन्या गठ्ठ्यातलं आलंय चुकून. बदलतो, मामा." आत जाताना त्यानं मला हळूच विचारलं, "ह्यांना दिसत न्हाई?"

"नाही," मी म्हणाले. का कोण जाणे, ते सांगताना मला अभिमान वाटला.

त्यानंतरचं टायर तो स्वतः फडक्यानं पुसून, दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला.

मामा प्रत्येक गोष्टीत बरोबरच असायचे असं मात्र नाही. बसवायच्या वेळी त्यांनी हट्ट धरला की आत ट्यूब घालायची. बिनट्यूबच्या टायरवर त्यांचा विश्वास नव्हता. दुकानदारानं समजावलं, मी समजावलं. "खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, मामा. ट्यूब एकदम फुटते."

"मी एकतीस वरसं ट्यूबवर चालवली. एकतीस वरसं काय झोपलो हुतो?" दोन कप चहा होईपर्यंत ते वाद घालत होते. शेवटी "करा तुमच्या मनासारखं" म्हणून भिंतीकडं तोंड करून बसले.

चाकांची अलाइनमेंट होऊन निघालो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी गाडी घराकडं वळवणार, तोच मामा म्हणाले, "राधानगरी रस्त्यानं चल जरा. पयल्यांदा दाबून ब्रेक मारू नकोस. नव्या टायरच्या अंगाला तेलकट असतंय, ते जाऊ दे."

पाऊस उघडला होता. हळदी गावाच्या पुढं दोन्ही बाजूंना उसाचे फड, काही तोडलेले, काही उभे. मामांनी काच खाली केली होती आणि कान बाहेर दिला होता. टायरांचा आवाज ऐकत असावेत. बराच वेळ गेला. मग कुणी विचारलं नसताना ते बोलायला लागले.

"मी ट्रक का सोडला, तुला काय सांगितलंय?"

"दमला होता म्हणून."

"दमलो न्हवतो. डोळं सहा महिनं आधीच कमी झालतं. म्होरचं दिसायचं, कडंचं न्हाई. नळीतनं बघितल्यागत. कुणाला बोललो न्हाई. बोललो असतो तर ट्रक कोण देणार? एक दिवस कागलजवळ हायवेला हुतो. ऊन हुतं, रस्ता रिकामा. डाव्या अंगानं सायकलवर एक पोरगी. ती कवा आली मला कळलंच न्हाई. घंटी वाजली तवा कळलं. तिची ओढणी माज्या आरशाला घासून गेली."

मी गाडीचा वेग कमी केला.

"तिला कळलं बी नसंल. गेली आपली घंटी वाजवत. मी म्होरं जाऊन ट्रक कडंला लावला आणि चाकाला टेकून बसलो. टायर झिजलं की मी त्याच दिवशी मालकाला सांगायचो, हे उतरवा, न्हाईतर मी जाणार न्हाई. माजं मला सांगाय सहा महिनं लागलं."

"मग?"

"मग काय. ओळखीचा ड्रायव्हर बोलवून घेतला, त्याच्या शेजारी बसून कोल्हापुरात आलो आणि चावी मालकाच्या टेबलावर ठेवली. तुज्या सासूला बी सांगितलं न्हाई. दमलो म्हटलं." त्यांनी काच अर्धी वर केली. "तू काल घसरलीस, तवा मला त्या पोरीची याद आली. म्हणून सांगितलं."

पुढं एक टपरी दिसली, तिथं थांबलो. मामांना चहाचा कप हातात दिला, त्यांचं दुसरं मनगट धरून आधाराला टपरीच्या दांडीपाशी नेलं. ते उभे राहूनच प्याले. टपरीवाल्याला त्यांनी दुधाचा भाव आणि धरणात पाणी किती आहे ते विचारलं, त्याच्या उत्तरावर मोठ्यानं हसले. आवाज पुन्हा जागेवर आला होता.

परतीच्या वाटेवर मी धीर करून विचारलं, "मामा, मी गाडी बरी चालवते का?"

जवळजवळ तीन वर्षांत त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं. चुका तेवढ्या सांगायचे.

त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, विचार करताहेत. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यांची मान खिडकीच्या बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उलटे पडलेले. गाढ झोपले होते. तोवर मी मामांचा दुसऱ्याच्या गाडीत डोळा लागलेला एकदाही पाहिला नव्हता. नवरा चालवत असला तरी ते ताठ बसून, पायानं नसलेला ब्रेक दाबत असायचे.

मी रंकाळ्यापर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही. घरापाशी आल्यावर गाडी सावलीत लावली, इंजिन बंद केलं. उठवायला हात पुढं केला आणि परत घेतला. मागच्या सीटवर तपासायच्या वह्या होत्या. त्यातली एक घेऊन स्टिअरिंगवर टेकवली आणि लाल पेननं आवाज न करता तपासायला लागले.